खोलमत-अकांच्या नावावरची रेघ

गुरुवारी दुपारी शेजारच्या खोलमत-अकांच्या पत्नी सनोबर-ओपा झाकलेला वाडगा घेऊन अंगणात आल्या, तेव्हा नबीजान गाडीखाली वाकून तेल कुठं गळतंय ते बघत होता. त्यांचे पाय दिसले तसा तो उठला आणि हात पुसत उभा राहिला. गेल्या सहा महिन्यांत त्या घरातून या घरात एक वाडगा आला नव्हता, की या घरातून तिकडे गेला नव्हता. दोन दारांमधलं अंतर म्हणाल तर एक पाण्याचा पाट आणि एक तुतीचं झाड. पण माणसानं मनात आणलं तर तेवढ्या जागेत अख्खं वाळवंट मावतं.

“या ओपा, बसा,” थोरल्या बहिणीला म्हणावं तसं नबीजान म्हणाला. “शरोफतला बोलावतो.”

“नको. काम तुझ्याशीच आहे.” ओपांनी वाडगा द्राक्षांच्या मांडवाखालच्या चौकीवर ठेवला, पण स्वतः बसल्या नाहीत. “त्यांनी पाठवलंय. म्हणाले, नबीजानला सांग, ती गाडीवरची रेघ माझीच. मीच काढली. माझ्यावर राजी राहा म्हणावं.”

“डॉक्टर काय म्हणतात?” त्यानं विचारलं.

“डॉक्टर आता काही म्हणत नाहीत. घरी न्या, एवढंच म्हणाले.”

राजी हा शब्द उझबेकिस्तानातल्या या कोकंदमध्ये कुणी उगाच वाऱ्यावर सोडत नाही. लांबच्या प्रवासाला निघालेला माणूस, ऑपरेशनला निघालेला माणूस आणि अंथरुणावरून आता उठायचं नाही हे ओळखून असलेला माणूस ओळखीच्या प्रत्येकाला तो विचारतो: काही चुकलं असेल, बोललो असेन, माझ्यावर राजी आहेस ना? एक जरी माणूस ‘नाही’ म्हणाला तरी जाणाऱ्याचा पाय अडतो, असं सगळे मानतात. खोलमत-अकांचं सगळ्या मोहल्ल्याला विचारून झालं असणार. या घराचा नंबर शेवटचा लागला होता.

“राजी आहे म्हणावं,” नबीजान म्हणाला. “झालं गेलं, संपलं.”

ओपांनी मान हलवली आणि पाट ओलांडून त्या निघून गेल्या.

खरं सांगायचं तर नबीजानला आधी बरं वाटलं. आपण बरोबर होतो! सहा महिने सगळी गल्ली आपल्याकडे डोकं फिरल्यासारखं बघत होती आणि आपण बरोबर होतो. मग थोड्या वेळानं त्याला त्या बरं वाटण्याची लाज वाटली. माणूस तिकडे मरणाला टेकलाय आणि आपण इकडे खटला जिंकल्यासारखे फुगतोय, हे काही बरं नाही, हे कळण्याइतका तो शहाणा होता.

भांडण तसं मुळात काहीच नव्हतं. नबीजान कोकंद-फरगाना मार्गावर सवाऱ्या नेतो. पांढरी नेक्सिया गाडी हेच त्याचं शेत आणि तेच दुकान. फेब्रुवारीत कधीतरी ती अकांच्या दारासमोर आडवी लावली गेली, आणि लाकूड घेऊन आलेली हातगाडी अडकली. खोलमत-अका, वडीलधारे म्हणून सगळ्यांचे अका, म्हणजे लाकडावर कोरीवकाम करणारा माणूस. खांब, दारं, छताच्या तुळया. उझबेकीत तीळ म्हणजे खोल; तो गालावर घेऊन जन्मले म्हणून आईबापांनी खोलमत नाव ठेवलं, आणि लहानपणापासून ते म्हणत आले की माझ्यावरचं पहिलं नक्षीकाम खुद्द अल्लानं केलंय. त्या दिवशी चायखान्यात सगळ्यांसमोर ते म्हणाले, “नबीजान, उद्या परत ही गाडी तिथं दिसली ना, तर तिच्यावर माझी वेलबुट्टी काढून ठेवीन. फुकट!” सगळे हसले. नबीजानही हसला.

मग मार्चमध्ये नव्या वर्षाचा सण, नवरोज आला आणि नवरोजच्या सकाळी नबीजानची आई चुलीपाशी कोसळली. तिसऱ्या दिवशी इस्पितळातच ती गेली. माणसं आली, रडली, जेवली, गेली. विसाव्या दिवसाचा कुराणपाठ झाल्यावर नबीजाननं पहिल्यांदा गाडी धुवायला काढली, तर उजव्या अंगाला मागच्या चाकाच्या वरपासून पुढच्या दारापर्यंत लांबच्या लांब रेघ. रंग फाडून पत्र्यापर्यंत गेलेली.

आई गेली याचा राग कुणावर काढायचा हे त्याला तोवर सापडलं नव्हतं. आता सापडलं.

माणसं दुपारच्या नमाजाहून परतत होती. गल्ली भरलेली होती. नबीजाननं खोलमत-अकांना दारात गाठलं. “लाकूड पुरेना का छिन्नी चालवायला? आमच्या घरात मय्यत झाली त्या दिवसांत हे सुचलं तुम्हाला?”

अका गाडीपाशी आले. त्यांनी डोळे बारीक करून बोटानं ती रेघ चाचपली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग नबीजानकडे असं बघितलं, की चोरी केलीस म्हटलं असतं तर इतकं लागलं नसतं.

“ही? ही माझी? अरे, माझ्याकडच्या नवशिक्यानं अशी रेघ मारली तर मी त्याला त्याच दिवशी शेळ्या राखायला पाठवीन. बघ तरी जरा! इथं खोल, इथं उथळ, इथं उडी मारलीये. ही काय रेघ आहे?”

गल्ली हसली. आणि ते हसू नबीजानच्या डोक्यात गेलं.

“हात थरथरत असेल,” तो म्हणाला. “वय झालं की थरथरतो. उगाच का मशिदीच्या नव्या खांबांचं काम तुम्हाला सोडून मर्गिलानच्या माणसाला दिलं?”

कुणी हसलं नाही. खोलमत-अकांनी एकदा आपल्या उजव्या हाताकडे बघितलं, आणि ते आत गेले. त्यानंतर दोघं बोलले नाहीत. नबीजान गाडी मुद्दाम उजवी बाजू त्यांच्या खिडकीकडे करून लावू लागला. बघत बसा रोज. उन्हाळ्यात अकांनी अंथरूण धरलं, ते नेमकं त्याच खिडकीशी.

हे आठवलं आणि नबीजाननं ठरवलं, ही रेघ आजच घालवायची. अकांनी मन मोठं करून कबूल केलं. आता त्यांनी डोळे मिटण्याआधी खिडकीतून बघावं तर समोर स्वच्छ दार दिसावं. स्वतःच्या या विचारानं त्याला अंमळ भरूनही आलं.

रंगाऱ्याकडे नेण्याचा प्रश्न नव्हता. रंगारी अख्खं दार रंगवतो, आणि रंगवलेलं दार म्हणजे गाडीबाजारात डाग. गिऱ्हाईक रंगाची जाडी मोजायचं यंत्र खिशातच घेऊन फिरतं. दाराला टेकवलं की यंत्र चुगली करतं. म्हणून शहाणा माणूस ओरखडा घरीच भरतो, मूळ रंगाला धक्का न लावता, रेघेपुरता. घासायचा वॉटर पेपर, प्रायमर, पांढऱ्या रंगाची बारकी बाटली, पॉलिशची पेस्ट, सगळं त्यानं एप्रिलमध्येच आणून ठेवलं होतं. वापरलं मात्र नव्हतं, कारण रेघ गेली असती तर भांडण कशाच्या जिवावर चालवायचं?

त्यानं गाडी मांडवाच्या सावलीत घेतली. उन्हात पत्रा तापतो आणि रंग नीट बसत नाही. साबणाच्या पाण्यानं दार धुतलं, पुसलं, वाळू दिलं. मग मेणचटपणा जावा म्हणून स्पिरिटचा बोळा फिरवला. दात कोरायच्या काडीला कापूस गुंडाळून तो रेघेच्या आतला मळ काढू लागला. मागच्या टोकापासून, जिथं ती सगळ्यात खोल होती तिथून.

कापूस निळा निघाला.

धूळ असेल म्हणून त्यानं दुसरा बोळा घेतला. तोही निळा. नखानं टोकरलं तर निळ्या रंगाची पापडी सुटून बोटावर आली. त्यानं ती उजेडात धरली, आणि मग नुसती मान वर केली. समोर त्याचं स्वतःचं लोखंडी फाटक होतं. नवरोजच्या आदल्या दिवशी त्यानं स्वतः रंगवलेलं, सगळ्या गल्लीत उठून दिसेल असं निळं.

फाटकाच्या आतल्या बाजूला कडी अडकवायचा आकडा आहे, बोटभर पुढे आलेला. नबीजान गुडघ्यावर बसला. आकडा आणि रेघ एकाच उंचीवर. आकड्याच्या टोकाचा निळा रंग गेलेला होता, आणि खालच्या अंगाला, जिथं कुणी वाकून बघत नाही, तिथं पांढरा रंग चिकटून होता.

“शरोफत!” त्यानं बायकोला हाक मारली. ती हात पुसत आली. “आईला नेलं त्या दिवशी... मी गाडी उलटी काढली, तेव्हा फाटक पूर्ण उघडलं होतं का?”

शरोफतनं आकड्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. तिचा चेहरा हळूहळू बदलला. “आवाज आला होता,” ती म्हणाली. “करकर असा. सासूबाईंचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी म्हटलं, काहीतरी घासतंय. तुम्ही म्हणालात, गप्प बस.”

“मग नंतर का नाही बोललीस?”

“विसरले. त्या दिवसातलं काय आठवत होतं मला? आणि तुम्ही तर गल्लीत जाऊन निकाल लावूनच आलात. विचारलंत कुठं कुणाला?”

अंगणात द्राक्षांवर गांधीलमाश्या घोंघावत होत्या. आपण सहा महिने एका माणसाला छळलं, आणि तो मरता मरता आपलं पाप स्वतःच्या नावावर लिहून घेतोय. ज्यानं आयुष्यात एक रेघ वाकडी जाऊ दिली नाही, तो म्हणतोय, ही घाणेरडी रेघ माझी. नबीजानला रडू आलं, आणि त्यानं ते आवरलं नाही.

मग हात न धुताच तो पाट ओलांडून गेला.

खोलमत-अका खिडकीशी पडले होते. अंगावर रजई, आणि रजईखाली माणूस आहे की नाही कळू नये इतकी शरीराची रया गेलेली. गालावरचा तीळ तेवढा पूर्वीइतकाच होता. नबीजाननं सलाम केला आणि दारातच थांबला.

“ये. बस,” अका म्हणाले. “हात कसले भरलेत?”

“अका, ती रेघ तुमची नाही.”

“मला माहितीये, मूर्खा.”

नबीजान उशाशी जाऊन बसला. “आमच्या फाटकाचा आकडा लागला. त्या सकाळी.”

“हो. मी दारात होतो. तू आईला घेऊन निघालास, मी मागून ओरडलो, तुला ऐकू गेलं नाही. म्हटलं, जाऊ दे, जीव वाचू दे आधी. पत्र्याचं काय, नंतर सांगू.” ते दम घ्यायला थांबले. “नंतर ती बाई गेली. मय्यतीच्या घरात जाऊन सांगू का, की बाबा, तुझ्या गाडीला ओरखडा आलाय?”

“पण मी गल्लीत बोललो तेव्हा? तेव्हा का नाही सांगितलंत?”

“सांगणारच होतो. तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात तू हाताचं काढलंस.” अकांनी रजईतून उजवा हात बाहेर काढला. तो थरथरत होता. “आता थरथरतो. तेव्हा थरथरत नव्हता, नबीजान. मशिदीचं काम मी सोडलं, कारण पोटात दुखत होतं, उभं राहवत नव्हतं. तू म्हणालास आणि मीही म्हटलं, ठीक आहे, बस घेऊन. मरेपर्यंत सांगणार नाही याला. माझंही चुकलंच.”

“मग आता अंगावर का घेतलीत?”

“वेळ कुठं उरलाय? तू फार हट्टी आहेस. कुणीतरी आधी चूक कबूल केल्याशिवाय तुला माफ करता येत नाही. म्हटलं, याला हवं ते देऊन टाकू.” ते हसल्यासारखं काहीतरी झालं. “रात्रभर विचार केला मात्र. इतकी घाणेरडी रेघ आपल्या नावावर! वरती वस्तादांनी विचारलं तर काय सांगणार?”

नबीजाननं तो थरथरता हात दोन्ही हातांत धरला. “अका, राजी तुम्ही व्हायचंय. माझ्यावर. सांगा, आहात ना?”

खोलमत-अकांनी हात सोडवून घेतला नाही. खिडकीतून दिसणाऱ्या गल्लीकडे ते बघत राहिले.

“तू बोललास तिथं, बाहेर, चार माणसांत,” ते शेवटी म्हणाले. “आणि राजी इथं, बंद खोलीत, होय रे? जिथं बोललास तिथं जाऊन सांग. रेघेचं नाही सांगितलंस तरी चालेल. हाताचं सांग.”

“उद्या जुम्मा आहे. नमाज सुटला की गल्लीतच सांगतो. सगळ्यांसमोर.”

“बरं.” त्यांनी डोळे मिटले. नबीजान उठू लागला तसे ते डोळे न उघडता म्हणाले, “भरतोयस ना ती?”

“हो. सकाळपर्यंत होईल.”

“सकाळपर्यंत कसली? एकदम भरू नकोस. लाकडातली चीरसुद्धा एकदम भरत नाहीत. एक हात दे, पूर्ण वाळू दे. तो खाली बसतो. मग दुसरा. तिसरा किंचित चढा ठेव, आणि मग घासून सपाट कर. घाई केलीस तर वरून छान दिसेल आणि आतून पोकळ राहील.”

शुक्रवारी पहाटेच्या नमाजाआधी खोलमत-अका गेले.

सूर्य वर येईपर्यंत त्यांचे दोन्ही मुलगे शोकाच्या रिवाजाप्रमाणे कमरेला शेले बांधून, डोक्याला टोप्या घालून दारात उभे होते, आणि गल्ली माणसांनी भरली होती. नबीजानही त्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. पण त्याच्या मनात एकच गोष्ट होती: मी काल संध्याकाळीच सांगायला हवं होतं. चायखान्यात माणसं होती. पन्नास पावलं चालायचं होतं. पण उद्या जुम्मा आहे, उद्या जास्त माणसं असतील, उद्या नीट बोलू, असं म्हणत तो घरी गेला होता. खरं कारण त्याला ठाऊक होतं. त्याला एक रात्र अजून लाज टाळायची होती.

जुम्म्याच्या नमाजानंतर मशिदीच्या ओसरीपुढे जनाजा ठेवला. इमामसाहेबांनी माणसांकडे तोंड करून नेहमीचा प्रश्न विचारला, “हा कसा माणूस होता?”

“चांगला माणूस होता,” सगळे एका आवाजात म्हणाले.

“त्यांच्यावर राजी आहात?”

“राजी आहोत.”

यानंतर नमाज सुरू व्हायचा. या जागी मध्येच कुणी बोलत नाही. नबीजान बोलला.

“एक मिनिट, इमामसाहेब.” त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. “माझ्या गाडीवरची रेघ यांनी काढली नव्हती. माझ्याच फाटकाचा आकडा लागला होता, माझ्याच हातून. यांनी काल ती स्वतःवर घेतली, मी राजी व्हावं म्हणून. आणि... मी या गल्लीत म्हणालो होतो, यांचा हात थरथरतो. ते खोटं होतं. यांचा हात कधी थरथरला नाही. मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो, म्हणून सगळ्यांसमोर परत घेतो.”

जनाजाजवळ उभा असलेला धाकटा मुलगा तोंड झाकून रडू लागला. मग चायखान्यातले मोमिन-बाबा, वय वर्षं सत्त्याऐंशी, काठी टेकत म्हणाले, “पोरा, तू टेकून उभा आहेस तो खांब कुणी कोरलाय?”

नबीजाननं मागे बघितलं. खालपासून वरपर्यंत वेल चढत गेली होती, आणि तिची एकही रेघ कुठं अडखळली नव्हती.

“तीस वर्षं आम्ही या खांबांखाली नमाज पढतोय,” बाबा म्हणाले. “त्या रेघेवर तुझ्याशिवाय कुणाचाच विश्वास बसला नव्हता. बरं केलंस बोललास ते. आता हो रांगेत.”

तो रांगेत झाला. पण ज्याच्याकडून ऐकायचं होतं तो पांढऱ्या कापडात होता, आणि आता कुणी काहीही म्हटलं तरी नबीजानला ते पुरणारं नव्हतं. कबरीवर माती टाकताना त्यानं मनातल्या मनात तीनदा विचारलं, राजी आहात ना? माती टाकून झाली, माणसं परतली, तो मागे राहून गेला आणि शेवटी तोही परतला.

तीन दिवसांनी त्यानं सनोबर-ओपांचा वाडगा परत नेला. रिकामं भांडं परत करत नाहीत म्हणून शरोफतनं त्यात द्राक्षं भरून दिली होती. ओपा अंगणात बसल्या होत्या, निळ्या शोकवस्त्रात, भोवती दोन-चार बायका. त्याला बघून त्या उठून दारापर्यंत आल्या.

“गुरुवारी तू गेलास ना, तेव्हा ते मला म्हणाले,” ओपा वाडगा घेत म्हणाल्या, “उद्या नबीजान बोलला, की त्याला सांग, मी राजी आहे.”

त्यानं मान खाली घातली.

“मी विचारलं, आणि नाही बोलला तर?” ओपांनी डोक्यावरच्या रुमालानं डोळे टिपले. “तर म्हणाले, तरी सांग.”

घरी येऊन तो मांडवाखाली गेला. गाडी तशीच होती, रेघ साफ करून उघडी ठेवलेली. त्यानं आधी फाटकाचा आकडा करवतीनं कापून काढला. मग प्रायमर लावलं, ते सुकल्यावर आगपेटीच्या काडीचं टोक चेचून, रंगात बुडवून, रेघेत पहिला हात दिला. घासायची घाई केली नाही. तो हात पूर्ण वाळून खाली बसेपर्यंत तो अकांच्या रिकाम्या खिडकीकडे तोंड करून तिथंच बसून राहिला. अजून दोन हात द्यायचे होते.